सहा जणांची टीम, एकटीचा रिपोर्ट

पत्र

ताई, नमस्कार. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. वय ३४, नोकरीला अकरा वर्षं झाली. आमची सहा जणांची टीम आहे. कस्टमरची कम्प्लेंट आली की बिघाडाचं मूळ कारण शोधून एट डी रिपोर्ट टीमने करायचा असतो, पण करते मी एकटी. दोघं जण मीटिंगला येऊन मोबाइल बघत बसतात. एक जण अर्धवट लिहून देतो, ते मी घरी नेऊन रात्री पुन्हा लिहिते. सहाची बस तर रोजच चुकते. मास्टर एक्सेल शीटचा पासवर्ड मी कोणाला देत नाही, कारण दिला की गोंधळ घालून ठेवतात. कस्टमरपुढे प्रेझेंटेशन साहेब देतात, 'माझ्या टीमने केलं' म्हणतात, माझं नाव कुठेच नसतं. गेल्या महिन्यात बुशच्या बोअरची, म्हणजे आतल्या गोल भोकाच्या मापाची, कम्प्लेंट तीन आठवड्यांत परत आली, तेव्हा मात्र रिपोर्ट कोणी लिहिला होता हे सगळ्यांना बरोबर आठवलं. मी कारण 'टूल वेअर', म्हणजे कापणाऱ्या टूलची झीज, असं लिहिलं होतं. वर ऑपरेटर म्हणतो, "मॅडम, मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. सेकंड शिफ्टला शेजारचा पेंट बूथ चालू झाला की हवेचं प्रेशर उतरतं, क्लॅम्प नीट धरत नाही." आता एचआरने डॉक्युमेंट कंट्रोलची जागा देऊ केली आहे. एकटीचं टेबल, एकटीचं काम. घेऊ का? की टीमवर्क हे भिंतीवरच्या पोस्टरपुरतंच असतं?

— एक वाचक, चाकण

उत्तर

नमस्कार.

आधी सरळ उत्तर देते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. ती जागा आत्ता घेऊ नका. एचआरकडे तीन महिन्यांची मुदत मागा. तुम्हाला कागदपत्रांचं काम मनापासून आवडत असतं, तर आजच घ्या म्हणाले असते. त्या कामात कमीपणा काहीच नाही, ऑडिटच्या दिवशी अख्खी कंपनी त्याच टेबलाकडे बघत असते. पण तुमचं चार पानी पत्र मी पूर्ण वाचलं आहे, इथे त्यातला थोडाच भाग छापला आहे. त्यात तुमचा हात जिथे मोकळा सुटलाय तो सगळा मजकूर बोअर मोजायच्या गेजबद्दलचा, लाइनवर उभं राहून तुकडे मोजण्याबद्दलचा आहे. फायलींबद्दल एक ओळ नाही. रागावून जागा बदलली की राग सहा महिन्यांत उतरतो आणि मागे उरतं ते टेबल.

तुमची तक्रार खरी आहे. तिला मी कुठेही कमी लेखणार नाही. मी अठ्ठावीस वर्षं कारखान्यांत काढली, त्यातली बरीचशी इन्स्पेक्शनमध्ये. एकीने राबायचं आणि 'टीम' म्हणून पाठ थोपटून घ्यायला मात्र सगळ्यांनी उभं राहायचं, हे मी पाहिलंय आणि सोसलंयही. पण तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. त्या सोडवल्याशिवाय काय करायचं ते कळणार नाही.

पहिली गोष्ट: बाकीचे अंग राखून काम करतात. ही काही तुमच्याच सेक्शनला लागलेली कीड नाही. फ्रान्समध्ये माक्सिमिलियाँ रिंगेलमान नावाचे एक शेतकी अभियंते होते. त्यांनी माणसांना दोर ओढायला लावून त्यांची ताकद मोजली आणि ते आकडे १९१३ साली प्रसिद्ध केले. एकटा माणूस जेवढा जोर लावतो तो शंभर धरला, तर दोघांत ओढताना प्रत्येकी ९३ भरला आणि आठ जणांत प्रत्येकी ४९. म्हणजे आठ माणसं दोराला लागली की काम चार माणसांचंच होतं. यातली काही तूट एका दमात ओढलं न गेल्यामुळे येते, ती समजण्यासारखी आहे. पण पुढे १९७९ साली अमेरिकेत बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून पाहिलं. डोळ्यांवर पट्टी, कानांवर हेडफोन, खरं तर एकटाच ओरडतोय, पण त्याला सांगितलेलं की बरोबर आणखी पाच जण आहेत. तरीही आवाज खाली आला. म्हणजे इतर आहेत या नुसत्या समजुतीनेच माणूस हात आखडता घेतो. बरं, ही माणसं कामचुकार म्हणून निवडलेली नव्हती, तुमच्याआमच्यासारखीच होती.

त्याच मंडळींनी दोन वर्षांनी आणखी एक प्रयोग केला, आणि तुमच्या कामाचा आहे तो हाच. प्रत्येकाला सांगितलं, तुझा आवाज वेगळा मोजला जाणार आहे. एवढ्यावर चुकारपणा गेला. ना कोणाला दम दिला, ना बक्षीस लावलं.

हे वाचलं तेव्हा मला माझ्या माहेरची सावड आठवली. खेड तालुक्यात आमची काळी जमीन होती. एका बैलजोडीला ती फुटायची नाही, मोठ्या नांगराला तीन-चार जोड्या लागायच्या, आणि एवढी बैलं एका घरी कुठून असणार? मग चार घरं सावड करायची. आज सगळ्यांच्या जोड्या आमच्या शेतात, उद्या शेजारच्यांच्या. हे नुसतं प्रेमाखातर चालायचं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माझ्या आजोबांना अक्षरओळख नव्हती, पण कोणाची जोडी किती दिवस आली आणि कोणाचे अडीच दिवस राहिलेत, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. ज्याच्याकडून फेडायचं राहिलंय, त्याला ते आपणहून माहीत असायचं. बांधावर भाकरी खाताना हसत हसत हिशेब निघायचा. हिशेब उघडा होता म्हणून सावड वर्षानुवर्षं टिकली.

तुमच्या सेक्शनमध्ये हिशेब झाकलेला आहे. आणि आता जरा मन घट्ट करून वाचा, कारण तो झाकण्यात तुमचाही हात आहे. ज्याने अर्धवट लिहून दिलं, त्याचा कागद तुम्ही रात्री गुपचूप पूर्ण केलात. सकाळी साहेबांच्या टेबलावर छान, नीटनेटका रिपोर्ट गेला. त्या रिपोर्टवरून कोणालाही काय दिसेल? टीम उत्तम चालली आहे. त्या माणसाला काय दिसेल? मी जे दिलं ते चाललं. पाचही जणांना तुम्ही महिनोन्महिने झाकून ठेवलंत आणि वर त्यांच्यावर चिडत राहिलात. यात तुमचा हेतू चांगलाच होता, काम अडू नये हाच होता. मीही नेमकं हेच केलेलं आहे, म्हणून एवढ्या खात्रीने लिहिते.

नव्वदच्या दशकात एका कारखान्यात गेज कॅलिब्रेशनचं रजिस्टर माझ्याकडे होतं. कोणतं गेज कधी तपासायला पाठवायचं, कोणतं बाद करायचं, सगळं माझ्या हातचं, माझ्या खुणांनी लिहिलेलं. कुणी हात लावला तर मला राग यायचा. मग मला टायफॉइड झाला, तीन आठवडे अंथरुणावर. त्या काळात मुदत उलटलेल्या एका प्लग गेजवर अख्खा लॉट तपासून पाठवला गेला आणि तो परत आला. मुलांनी रजिस्टर उघडलं होतं, पण माझ्या खुणा त्यांना वाचता आल्या नाहीत. परत गेले तेव्हा सगळे म्हणाले, तुमच्याशिवाय चालत नाही बघा. मला ते ऐकून बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची आजही लाज वाटते. त्या लॉटचं पॅकिंग केलेल्या बायकांनी रविवारी येऊन साडेचार हजार तुकडे पुन्हा उघडले होते.

तुमच्या पासवर्डबद्दल मला एवढंच सांगायचं आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तुम्ही लिहिता, 'एकटीने केलं तर निम्म्या वेळात होतं.' होत असेल, नक्कीच होत असेल. पण टीम वेगासाठी नसतेच. वेगासाठी एक हुशार माणूस आणि बंद दरवाजा पुरेसा असतो. टीम लागते ती एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याने दाखवायला. तुमची बोअरची कम्प्लेंट हे त्याचं जितकं स्वच्छ उदाहरण आहे, तितकं मला शोधूनही सापडलं नसतं.

वाचकांपैकी जे कारखान्यात नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एट डी म्हणजे बिघाडाच्या मुळाशी जाण्याच्या आठ पायऱ्या. फोर्ड कंपनीने १९८७ साली ही पद्धत लिहून काढली आणि आज गाड्यांच्या धंद्यात सगळीकडे ती मागितली जाते. तिची पहिली पायरी, डी-१, काय आहे? टीम तयार करा, आणि त्या कामाची माहिती असलेली माणसं तीत घ्या. मूळ कारण शोधायचं ते थेट चौथ्या पायरीवर. आणि आठवी, शेवटची पायरी? टीमच्या कामाची दखल घ्या, त्यांचं कौतुक करा. म्हणजे तुमच्या दोन्ही दुखण्यांचा रकाना त्या छापील फॉर्मवर आहे, एक वर आणि एक तळाला. बहुतेक ठिकाणी डी-१मध्ये नेहमीची सहा नावं कॉपी-पेस्ट होतात आणि डी-८मध्ये 'टीमचे अभिनंदन' असे दोन शब्द पडतात.

त्या बोअरच्या रिपोर्टमध्ये फिशबोनही असणारच. जपानच्या काओरू इशिकावांचा, कारणं मांडून बघायचा तो माशाचा काटा: माणूस, मशिन, पद्धत, माल, मोजमाप, भोवताल. सहा काटे अशासाठी, की सहा बाजूंनी विचार व्हावा. तुम्ही ते सहाही काटे घरी, मुलाचा अभ्यास आणि जेवणं उरकल्यावर, एकाच डोक्यातून भरलेत. टूल वेअर हे कारण वाईट नव्हतं. बोअर मापात येत नाही म्हटल्यावर कोणीही आधी टूलकडेच बघेल, मीही बघितलं असतं. पण पेंट बूथचा कॉम्प्रेसरवर पडणारा भार रात्री साडेनऊला एक्सेलमध्ये दिसत नाही. जो माणूस रोज आठ तास त्या मशिनपाशी उभा आहे, त्यालाच क्लॅम्प बसतानाचा आवाज बदललेला ऐकू येतो. त्याला ते आधीपासून माहीत होतं. त्याने का सांगितलं नाही, असं तुम्ही थोडं चिडून विचारलं आहे. त्याला विचारलं कोणी होतं?

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलांतल्या गटांचा अभ्यास केला होता. चांगल्या गटांत औषधं देण्याच्या चुका कमी होत असतील, अशी त्यांची अटकळ होती. आकडे उलटे आले, चांगल्या गटांच्या नावावर चुका जास्त. मग लक्षात आलं, की त्या गटांत चुका जास्त होत होत्या असं नाही, तिथली माणसं त्या मोकळेपणी सांगत होती. बाकीच्या ठिकाणी दबून जात होत्या. तुमच्या लाइनवर सेकंड शिफ्टला काय काय दबून राहत असेल, याचा विचार करा.

म्हणून माझं मत असं: रिपोर्ट लिहिणं हे टीमचं काम नाही, ते एकाच हाताने व्हावं. सहा जणांनी मिळून परिच्छेद लिहिला की त्याची खिचडी होते. कारण शोधणं हे मात्र टीमचं काम आहे आणि ते एकटीने कधीही करू नये, मग ती कितीही हुशार असो. तुमच्याकडे उलटं चाललंय. मीटिंगला सहा जण गोळा होतात ते रिपोर्ट 'बनवायला', आणि कारण मात्र एकटीच्या डोक्यातून येतं. सगळ्यांनी सगळं करायचं म्हणजे टीमवर्क, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे आणि त्याने मोबाइल बघत बसणाऱ्यांची चांगली सोय होते.

आता काय करायचं.

पुढची कम्प्लेंट आली की मीटिंग कॉन्फरन्स रूममध्ये घेऊ नका. मशिनपाशी घ्या, उभ्याने, पंधरा मिनिटं, खराब तुकडा हातात घेऊन. उभ्या माणसाला मोबाइल बघायला अवघड जातं, हा एक फायदा. खरा फायदा असा की ऑपरेटर, सेटर आणि मेंटेनन्सचा माणूस आपोआप त्यात येतात. त्याच ठिकाणी बोर्डावर लिहा: एका कामापुढे एकच नाव आणि वेळ. 'टीम' हा शब्द त्या रकान्यात येऊ द्यायचा नाही. 'मागच्या तीन लॉटचे रीडिंग', पुढे एक नाव, उद्या दुपारी बारा. बोर्ड तिथेच राहू द्या, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. माझ्या आजोबांनी डोक्यात ठेवलेला हिशेब तुम्ही बोर्डावर ठेवा.

मग येईल खरी कसोटी. दुसऱ्या दिवशी बारा वाजता एक रकाना रिकामा असेल. तुमचे हात शिवशिवतील. तो भरायचा नाही. रिपोर्ट अर्धवट दिसला तर अर्धवट दिसू दे, त्या रिकाम्या रकान्यापुढे नाव आहे. मात्र एक लक्ष्मणरेषा: कस्टमरकडे खराब माल जाऊ नये यासाठीची तातडीची तपासणी, म्हणजे तुमची डी-३, तिच्यात असा प्रयोग अजिबात करायचा नाही. ती कोणी केली नाही तर तुम्ही करा, आणि केली म्हणून नंतर सांगा. तो बुश कोणाच्या तरी गाडीत बसणार आहे.

साहेबांशी बोलायला घाबरू नका, आणि गाऱ्हाणं घेऊनही जाऊ नका. आयत्या बिळावर नागोबा बसतो तो बऱ्याचदा बीळ कोणी खणलं हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं म्हणून. तुमच्या साहेबांना माहीत असेलही, पण एक संधी द्या. एवढंच म्हणा, "सर, पुढच्या प्रेझेंटेशनला मूळ कारणाची स्लाइड मी सांगते. कस्टमरने खोलात प्रश्न विचारले तर उत्तरं माझ्याकडे आहेत." यात कोणाचं काही हिसकावलेलं नाही, त्यांची सोयच आहे. ते हो म्हणाले तर उत्तम. नाही म्हणाले तर दुसऱ्यांदा विचारा, या वेळी मेलवर.

सहकाऱ्यांपैकी मोबाइलवाल्या दोघांचं बोर्डाने काय होतं ते बघू. मला काळजी आहे ती तिसऱ्याची, अर्धवट लिहून देणाऱ्याची. तुम्ही लिहिलंय की तो नवीन आहे आणि पहिले दोन महिने बरं लिहायचा. मग बिघडला कधी? आपण लिहिलेलं एक अक्षरही न ठेवता रिपोर्ट पुढे गेलाय, हे त्याने पाहिलं असेल. एकदा, दोनदा, तीनदा. मग त्यानेही मनाशी ठरवलं असेल, मॅडम नाहीतरी पुन्हा लिहिणारच आहेत. त्याला चहाला घेऊन जा आणि सांगा, "तुझं मी तुला न विचारता बदलत होते, ते चुकलं. इथून पुढे खुणा करून परत देईन, तूच दुरुस्त कर." सुरुवातीला दुप्पट वेळ जाईल. जाऊ द्या. पासवर्डही त्यालाच आधी द्या आणि शीटची एक प्रत बाजूला ठेवा, गोंधळाची भीती तेवढ्याने मिटते.

आणखी एक, नाजूक आहे पण लिहिते. १९७९ साली मायकेल रॉस आणि फिओर सिकोली या दोघांनी नवराबायकोंना वेगवेगळं बसवून विचारलं, घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक जोडप्यांत शंभराच्या वर गेली. कोणी खोटं बोलत नव्हतं. आपलं केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याचं डोळ्याआड झालेलं असतं. तुमच्या टीममध्ये तुमचा वाटा सर्वांत मोठा आहे याबद्दल मला शंका नाही. पण पत्रातल्या उरलेल्या दोघांबद्दल, पाचव्या आणि सहाव्या माणसाबद्दल, चार पानांत एक शब्दही नाही. ते दिवसभर काय करतात? इनकमिंगचा माल कोण बघतं? कस्टमरचे फोन कोण घेतं? बोर्ड लागला की हेही दिसेल, आणि कदाचित तुमचा थोडा राग त्यातच जिरेल.

तीन महिने हे मनापासून करून बघा. तरीही रकाने रिकामेच राहिले, साहेबांनी स्लाइड दिली नाही, मेलला उत्तर आलं नाही, तर मग त्या कंपनीत टीम नाही, सहा माणसं एका छताखाली बसतात एवढंच आहे. तेव्हा डॉक्युमेंट कंट्रोलमध्ये जाऊ नका. तेव्हा दुसरी कंपनी बघा. अकरा वर्षं बोअर गेज हाताळलेल्या, स्वतः कारण सांगू शकणाऱ्या बाईला चाकण, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यात कोणी ना कोणी विचारेल. आणि सहाची बस मात्र आजपासूनच पकडा, त्यासाठी तीन महिने थांबायचं कारण नाही. घरी रिपोर्ट नेणं बंद झालं की दिवसाचं काम दिवसा मागायला तुम्हालाच भाग पडेल.

आणि सोमवारी सेकंड शिफ्ट सुरू होईपर्यंत थांबा, त्या एका दिवसापुरती बस चुकली तरी चालेल. चार पानांच्या पत्रात तो तुम्हाला भेटतो तो फक्त 'ऑपरेटर' म्हणून. त्याच्या मशिनपाशी जा, पेंट बूथ चालू झाल्यावर हवेच्या प्रेशर गेजचा काटा किती खाली येतो ते त्याला दाखवायला सांगा, आणि रीडिंग त्याच्याच हाताने वहीत लिहून घ्या. बोअरचा रिपोर्ट तुम्हाला नव्याने लिहायचाच आहे. त्याच्या डी-१मध्ये त्याचं पूर्ण नाव घाला, आडनाव कसं लिहितात ते त्यालाच विचारून.